फळीवरचा माझा कप

माझ्याशी दगा झाला, हे मला कोणी विचारलं की मी सरळ सांगते. आडपडदा ठेवत नाही. माझी सगळ्यात जवळची मैत्रीण, जिच्या ताटातलं मी न विचारता उचलून खात असे, तिने तो केला. लोक म्हणतात, झालं गेलं सोडून दे. मी सोडत नाही. जागा सोडली तेवढं पुरे झालं.

‘जागा’ म्हणजे नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथाऱ्यांच्या मागच्या बाजूचं एक जुनं गोडाऊन. पूर्वी तिथे मिरचीची पोती असायची. आम्ही भिंती तीनदा धुतल्या, दोनदा चुना दिला, तरी नवा माणूस आत आला की पहिल्या मिनिटाला त्याला ठसका लागायचा. आम्ही आतले लोक हसायचो. मालक व्यापारी माणूस होता, गोडाऊन रिकामंच पडलं होतं, त्याने वापरायला दिलं. आम्ही तिथे पुस्तकं मांडली, सायकल दुरुस्तीची हत्यारं ठेवली, दोन शिलाई मशीन आणली. ज्याला अर्ज लिहून हवा असेल त्याला आम्ही लिहून द्यायचो. रविवारी सगळे मिळून स्वयंपाक करायचो. बोर्ड लावला नाही, नाव ठेवलं नाही. लोक नुसतं ‘जागा’ म्हणू लागले, मग आम्हीही तेच म्हणू लागलो.

हे खूळ माझं. पुण्याला शिकत असताना मी अराजकवादाची पुस्तकं वाचली होती आणि माझ्या डोक्यात ते पक्कं बसलं होतं की माणसांना डोक्यावर कोणी बसवून घ्यायची गरज नसते. अध्यक्ष नको, सचिव नको, समिती नको. सुरुवातीला उत्साहाच्या भरात मी एक पत्रक छापलं आणि त्यात ‘अराजकवादी’ हा शब्द घातला. चौथ्या दिवशी हवालदार आला. अराजक कधी करणार आहात, असं त्याने अगदी शांतपणे विचारलं. मी त्याला अर्धा तास समजावलं. त्याने अध्यक्षाचं नाव मागितलं. नाही म्हटलं. मग सचिवाचं मागितलं. तेही नाही. आमच्यात एस.टी.तून निवृत्त झालेले एक कंडक्टर होते, ते म्हणाले, साहेब, कोणालाही बोलवा, जो मोकळा असेल तो येईल. हवालदाराने चहा घेतला आणि शेवटी वहीत आम्हा सातही जणांची नावं अध्यक्ष म्हणून लिहून नेली. त्यानंतर पुन्हा कधी आला नाही.

आमच्याकडे निर्णय कसा व्हायचा ते आधी सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्यातच आहे. मत मोजायचं नाही असं ठरलं होतं. चार विरुद्ध तीन झालं म्हणजे त्या तिघांना गप्प बसवणंच झालं, असं माझं म्हणणं. म्हणून प्रत्येकाने घरून आपला एक कप आणला. कोणाचा फुलांचा, कोणाचा कान तुटलेला, कंडक्टरांचा स्टीलचा. बैठक सुरू होताना सगळ्यांचे कप समोर पालथे. विषय निघाला, बोलणं झालं, की ज्याला पटलं त्याने आपला कप सरळ करायचा. सगळे सरळ झाले की चहा ओतायचा. एक जरी पालथा राहिला तरी तो विषय थांबला. मग पालथा ठेवणाऱ्याने ‘हे राहू द्या’ म्हणत आपला कप सरळ करायचा, सगळ्यांनी चहा घ्यायचा आणि घरी जायचं. जो आला नाही त्याचा कप फळीवर पालथा असायचा. कोणी बैठक चुकवली तर किरकोळ कामं अडायची नाहीत, पण मोठी गोष्ट त्याला विचारल्याशिवाय होत नसे. विचारलं आणि तो हो म्हणाला, की त्याचा कप दुसऱ्या कोणीतरी फळीवर सरळ करायचा.

या नियमाचा मला फार अभिमान होता. बाहेरून कोणी पाहुणा आला की मी त्याला आधी फळी दाखवायचे. नियमाने आम्हाला छळलंही खूप. छताचा पंखा घ्यायचा की टेबलाचा, यावर आमचे तीन रविवार गेले, कारण खांडबाऱ्याहून रेल्वेने येणारी नर्स म्हणत होती की छताच्या पंख्याने चुन्याचे पोपडे पातेल्यात पडतील. तिसऱ्या रविवारी ते खरोखर पडले, पंखा नसतानाच, आणि मग टेबलाचा आला. सगळे कंटाळायचे. पण त्या कंटाळ्यात कोणाचा अपमान झाला नव्हता, असं मी म्हणायचे आणि मला ते मनापासून वाटायचं.

मैत्रीण पहिल्या दिवसापासून होती. ती तापीकाठच्या कळसाडीची, घरी गुजरी बोलणारी. मी कोरीटची, घरी अहिराणी. कॉलेजात एका खोलीत राहिलो तेव्हापासून आम्ही दोघी आपसात शाळेतली मराठीच बोलत आलो. ती शिक्षिका झाली, मी ग्रंथपाल. माझ्या डोक्यात कल्पना यायच्या आणि तिच्या हातून त्या व्हायच्या. पत्र्याला गळती लागली की मी जागेच्या तत्त्वावर बोलायचे आणि ती डांबर घेऊन शिडीवर चढायची. हे मी आज रागात असतानाही मान्य करते. ती नसती तर जागा सहा महिनेही टिकली नसती.

आणि चाचा. ते शिंपी होते, गावात तीन पिढ्यांपासून. आमचं एक जुनं मशीन चालत नव्हतं म्हणून बोलावलं, तर ते मशीन दुरुस्त करून तिथेच बसले. दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्या दिवशीही आले. मिरचीच्या पथाऱ्यांवर देठ खुडायला सातपुड्यातल्या बायका येतात, काम संपलं की हात धुऊन त्या आमच्याकडे शिवण शिकायला येऊ लागल्या. त्या घरी भिली, पावरी बोलणाऱ्या, चाचा अहिराणी. टेपवरचे आकडे बऱ्याच जणींना वाचता येत नव्हते. चाचांनी टेप खुंटीला टांगला आणि सुतळी घेतली. छातीला एक गाठ, कमरेला दुसरी, बाहीला तिसरी. प्रत्येकीची आपली सुतळी. चार महिन्यांत बायका स्वतःचे ब्लाउज स्वतः बेतू लागल्या. मी एवढी पुस्तकं वाचली, पण कोणाच्या डोक्यावर न बसता शिकवायचं कसं हे मी चाचांकडे पाहून शिकले. मला ते ‘बेटी’ म्हणायचे, अरे-तुरे करायचे. मशीनचा दोरा तुटला की आधी मशीनला शिव्या द्यायचे, मग माझ्याकडे पाहून माफी मागायचे.

मागच्या वर्षी आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. आमच्याकडचे लोक जातात तसे आम्हीही सुरतला गेलो आणि महिनाभर तिथेच अडकलो. मैत्रिणीचा रोज फोन यायचा. आईचे टाके कसे आहेत, वॉकर धरून किती पावलं चालली, जेवण जातं का. ती एवढं विचारायची की आई म्हणायची, तुझ्यापेक्षा तिलाच माझी जास्त काळजी. एका रविवारी तर ती अर्धा तास बोलली. आईला नाचणीची पेज कशी करून द्यायची ते तिने सविस्तर सांगितलं. मी विचारलं, आज बैठकीत काय झालं? ती म्हणाली, काही नाही गं, नेहमीचंच.

परत आल्यावर मी आईला घरी सोडलं आणि जागेवर गेले. शिवणाच्या कोपऱ्यात मशीन होती, बायका होत्या, पण शिकवत होती मैत्रिणीची जाऊ. खुंटीवर टेप नव्हता, तो तिच्या गळ्यात होता. चाचा कुठे आहेत, मी विचारलं. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि माना खाली घालून कापड सरकवलं. मैत्रीण आतून आली, तिने मला मिठी मारली, आणि म्हणाली की चाचांच्या डोळ्यांना त्रास होतोय, त्यांनीच यायचं बंद केलं. मला वाईट वाटलं. मी तिला म्हटलंही, सुरतला चांगले डोळ्यांचे डॉक्टर आहेत, आता ओळख झालीय, घेऊन जाऊ. ती हो म्हणाली. माझ्या डोळ्यांत पाहून हो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी पपई घेऊन चाचांच्या घरी गेले. ते ओट्यावर मशीन लावून शाळेचे गणवेश शिवत होते. सुईत दोरा ओवत होते, चष्म्याशिवाय. मला पाहून उठले, सुनेला पाणी आणायला सांगितलं, आणि म्हणाले, या बाई, बसा. मला आधी ते कळलंच नाही. मग कळलं की मी बाई झालेय आणि बसा झालेय. मी डोळ्यांचं विचारलं. ते गोंधळले.

“मन्हा डोयासले काय व्हयनं?” ते म्हणाले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यांना ते मला सांगायचंच नव्हतं, मी खोदून खोदून विचारलं. त्या महिन्यात गावात दोन समाजांत थोडी तणातणी झाली होती. जागेच्या गल्लीतले काही लोक मालकाकडे गेले होते, म्हणाले होते की आपल्या बायांमध्ये हा माणूस रोज कशाला बसतो. मालकाने कोणाचं नाव न घेता निरोप दिला होता की एक तर शिंप्याला बंद करा, नाहीतर गोडाऊन रिकामं करा. मग रविवारी बैठक बसली. विषय होता, चाचांनी काही दिवस येऊ नये. चाचा स्वतः तिथे बसले होते, गोलात, आपला कप समोर पालथा घालून.

एकेक कप सरळ होत गेला. कंडक्टरांचा स्टीलचा कप बराच वेळ पालथा होता, मग तोही झाला. उरले दोन. एक चाचांचा आणि एक फळीवरचा माझा. चाचा म्हणाले, मी म्हटलं जोवर तिचा पालथा आहे तोवर माझाही पालथा. तेव्हा मैत्रीण उठली, फळीपाशी गेली, माझा कप सरळ केला आणि सगळ्यांना सांगितलं की तिला मी कालच फोनवर विचारलंय.

“तुम्हना कप सीधा दिखना,” चाचा म्हणाले. “मंग मी बी मन्हा सीधा करी टाका.”

म्हणजे त्यांना काढणाऱ्या निर्णयाला शेवटचा होकार त्यांनीच दिला होता, आणि तो माझ्या कपाकडे पाहून दिला होता. मी त्यांना म्हटलं, मला कोणी विचारलं नाही, मला काही माहीत नव्हतं. त्यांनी मान हलवली. विश्वास ठेवला की नाही ते मला कळलं नाही. मला फोन करून का विचारलं नाहीत, असं मी म्हटलं, तर ते म्हणाले, एकदा ‘नाही’ ऐकल्यावर तेच पुन्हा ऐकायला कशाला फोन करायचा. सुनेने पाणी आणलं. मी ते पिऊन उठले. येताना पपई तशीच पिशवीत परत आणली, द्यायचं भानच राहिलं नाही.

तिथून मी तडक तिच्या शाळेत गेले. दुपारच्या सुट्टीत ती मुलांना खिचडी वाढली जात होती तिथे उभी होती. मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर नाकारेल. तिने दोन्ही केलं नाही. तिने मला व्हरांड्याच्या टोकाला नेलं आणि हिशेबी माणसासारखं सगळं मांडलं. मालक गोडाऊन खरोखर रिकामं करायला लावणार होता. बायका पुन्हा उघड्यावर आल्या असत्या. पुस्तकं कुठे न्यायची होती? चाचांचा धंदा आहे, ते उपाशी मरणार नव्हते. आणि माझी आई ऑपरेशन टेबलवर असताना मला हा ताप कशाला द्यायचा.

“मला विचारायचं तरी होतंस,” मी म्हटलं.

“विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.”

“म्हणूनच विचारतात ना.”

ती म्हणाली, तू नाही म्हणाली असतीस आणि खुशाल घरी गेली असतीस, सामानाची पोती उचलायला मीच उरले असते. हे खोटं नाही, म्हणूनच ते मला जास्त झोंबलं. पण तिने माझा होकार माझ्याकडून घेतला नाही, तो तिने माझ्या नावाने बनवला, आणि त्याने एका म्हाताऱ्या माणसाचं तोंड बंद केलं. आणि त्याच संध्याकाळी मला नाचणीची पेज सांगितली. मला तिच्या त्या अर्ध्या तासाच्या फोनचा जेवढा राग आला तेवढा कपाचाही आला नाही. मी तिला तसं सांगितलं. एक पोरगं ताट घेऊन तिच्याकडे आलं, त्याला खिचडी कमी पडली होती, ती त्याच्याबरोबर गेली.

रविवारी मी बैठकीत विषय मांडला. काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं, तिच्यासमोर. माझा होकार खोटा होता, तेव्हा तो निर्णय झालाच नाही, चाचांना परत बोलवायचं, मालकाकडे आपण सगळे मिळून जायचं. मला वाटलं होतं गदारोळ होईल. झाला नाही. कंडक्टर म्हणाले की असं व्हायला नको होतं. नर्स म्हणाली की तिला तेव्हाच शंका आली होती. शंका आली होती तर बोलली का नाहीस, असं मी विचारलं, ती पायाच्या बोटांकडे बघत राहिली. मग कप सरळ होऊ लागले. माझा, नर्सचा, कंडक्टरांचा, पथारीवरच्या दोन बायका आमच्यात होत्या त्यांचे. सगळे सरळ झाले. एक पालथा राहिला, मैत्रिणीचा.

ती म्हणाली की मालक ऐकणार नाही, आपण जागा घालवू, आणि ते मला पटत नाही. मी म्हटलं, पाच जणांना पटलंय. तेव्हा ती माझ्याकडे बघून म्हणाली, “मोजायचं नाही हे तूच ठरवलंस.”

एकाच्या नकाराने सगळं थांबतं, हा नियम मी दुबळ्याला आधार म्हणून केला होता. आता ती त्यावर ऐसपैस बसली होती. तिचा कप माझ्या हाताच्या अंतरावर होता. एका क्षणात उचलून सरळ करता आला असता. मी केला नाही. तिने केलं तेच मी केलं तर फरक काय राहिला, असं मी तेव्हा स्वतःला बजावलं. आज मला वाटतं, तत्त्व वगैरे सगळं नंतर सुचलं. सगळ्यांसमोर तिच्याशी कायमचं तोडायची माझी हिंमत झाली नाही.

बायकांना अंधाराआधी गाडी पकडायची होती, त्या चुळबुळ करू लागल्या. शेवटी तिने ‘हे राहू द्या’ म्हटलं आणि आपला कप सरळ केला. विषय संपला. कंडक्टरांनी किटली उचलली.

चाचांना निरोप मीच द्यायला हवा होता. दुसऱ्या दिवशी गेले. ते ओट्यावरच होते, मांडीवर निळ्या चड्ड्यांचा ढीग. मी उभ्याउभ्याच सांगितलं की प्रयत्न केला पण झालं नाही. त्यांनी मशीन थांबवलं. किती जणांनी नाही म्हटलं, त्यांनी विचारलं. एकीने, मी म्हटलं. कोण, ते त्यांनी विचारलं नाही.

“एकच?” ते म्हणाले. “मंग बाकीना लोकेसनी काय करं?”

मी सांगितलं की थोडा वेळ बसले, मग चहा घेतला आणि घरी गेले. नियमच तसा आहे, असंही म्हटलं. त्यांनी एक चड्डी उचलली, शिवण उलटून पाहिली, पुन्हा खाली ठेवली.

“आनि तुम्ही?” त्यांनी विचारलं.

मीही घेतला होता. कंडक्टरांनी कप हातात दिला आणि मी प्यायले, सगळा.